योजिलेली मात्रा आणि पोहोचलेली मात्रा

घशाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाला ७० ग्रे मात्रा ३५ हप्त्यांत द्यावयाची असा निर्णय जेव्हा होतो, तेव्हा त्या निर्णयाच्या मुळाशी एका विशिष्ट दिवशी घेतलेली सीटी प्रतिमा असते; त्या प्रतिमेवर वैद्य गाठीची सीमा आखतो, लाळग्रंथी, मेरुरज्जू, गिळण्याचे स्नायू यांच्या सीमा आखतो, भौतिकीतज्ज्ञ त्या सीमांना अनुसरून किरणांच्या दिशा आणि प्रत्येक दिशेचा वाटा ठरवतो, संगणक शरीराच्या सूक्ष्मातिसूक्ष्म भागात किती ऊर्जा जमा होईल याचा नकाशा काढतो, आणि त्या नकाशावर दोघांच्या सह्या झाल्या म्हणजे उपचारास प्रारंभ होतो. पुढील सात आठवडे, शनिवार-रविवार वगळून, रोज तीच योजना त्याच यंत्रावर अमलात आणली जाते. शरीर मात्र सात आठवडे तेच राहत नाही. गाठ आक्रसते, रुग्णाचे अन्न तुटते, वजन उतरते, गालफडे बसतात, मूत्राशय एके दिवशी भरलेले तर दुसऱ्या दिवशी रिकामे असते, आतड्यात वायू साठतो आणि सरतो. योजना एका दिवसाच्या शरीरासाठी लिहिलेली आणि अंमल पस्तीस दिवसांच्या शरीरांवर, अशी ही स्थिती आहे.

आजच्या बहुतेक सुसज्ज केंद्रांत उपचारकक्षातील यंत्रावरच, रोज किंवा ठरावीक दिवशी, रुग्णाच्या शरीराची प्रतिमा घेतली जाते. तिचा मूळ उपयोग स्थाननिश्चितीचा: मूळ प्रतिमेशी ती जुळवून पाहावयाची, टेबल चार मिलिमीटर डावीकडे किंवा दोन मिलिमीटर वर सरकवावयाचे, आणि मग किरण सुरू करावयाचे. एवढे काम झाले की ती प्रतिमा संगणकाच्या दप्तरात जमा होते आणि बहुधा तिला पुन्हा कोणी हात लावीत नाही. वस्तुतः त्या दिवशीचे शरीर आतून कसे होते याचा तो एकमेव दाखला असतो. त्यावरून त्या दिवशी कोणत्या अवयवाला किती मात्रा पोहोचली हे काढता येते, आणि असे सर्व दाखले एकत्र केले तर योजनेच्या खाती मांडलेली रक्कम आणि शरीराच्या खाती खरोखर जमा झालेली रक्कम यांची रुजवात करता येते. ही रुजवात कशी करावी, तिच्यावर कितपत इतबार ठेवावा, आणि तफावत निघाल्यास पुढे काय करावे, या तीन प्रश्नांभोवती गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील पुष्कळसे संशोधन फिरत आले आहे. त्यांतील पहिला प्रश्न बव्हंशी सुटला आहे, दुसरा अर्धामुर्धा सुटला आहे, आणि तिसऱ्याला नुकता कोठे हात घातला गेला आहे. रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने मात्र तो तिसराच सर्वांत मोठा आहे, असे मला वाटते, आणि प्रस्तुत आढाव्याचा रोखही तिकडेच राहील.

थोडे मागे जाणे अवश्य आहे. रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी ते रोगांवर वापरून पाहिले गेले. परंतु शरीराच्या आत किती मात्रा पोहोचते हे पाहण्याचे साधन त्यानंतर कित्येक दशके कोणापाशी नव्हते. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० च्या किरणांनी उपचार सुरू झाले, १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेखीय त्वरकावर पहिला रुग्ण घेतला गेला, आणि त्वचा न भाजता खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा नेणे शक्य झाले; तरी गाठ नेमकी कोठे आहे हे हाडांच्या खुणांवरून आणि अंगावर काढलेल्या रेघांवरूनच अजमावले जाई. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्याच ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्डच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र काढले, तेव्हा निदानाला जशी नवी दृष्टी मिळाली तसा किरणोपचाराला नवा पाया मिळाला. कारण त्या प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला एक अंक असतो, पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार या मापाने. त्या अंकावरून त्या ठिकाणच्या ऊतींची घनता कळते आणि घनतेवरून किरण तेथे किती शोषले जातील याचे गणित मांडता येते. सीटी प्रतिमा ही एकाच वेळी शरीराची आकृती आणि गणिताची सामग्री आहे, हे येथे लक्षात ठेवावयाचे, कारण पुढील सगळी अडचण याच जोडीतून उद्भवते.

मात्रेच्या बिनचूकपणाचा दंडक किती कडक असावा याविषयी किरण-एककांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली सुचवले होते की, गाठीला दिलेली मात्रा योजलेल्या मात्रेपासून ५ टक्क्यांहून अधिक ढळू नये. शरीर हलते, बदलते, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ते पाहण्याची सोय नसल्यामुळे त्यांनी गाठीभोवती सुरक्षिततेचे कडे सोडण्याचा मार्ग पत्करला, आणि १९९३ साली त्याच आयोगाने दृश्य गाठ, तिच्याभोवतीचा संशयित प्रदेश आणि त्याभोवतीचे योजनाक्षेत्र अशी तिहेरी परिभाषा रूढ केली. २००० साली ॲमस्टरडॅमच्या मार्सेल व्हान हेर्क यांनी या कड्याची जाडी ठरवण्याचे एक सूत्र मांडले: सातत्याने एकाच दिशेने होणाऱ्या चुकीच्या प्रमाणाची अडीच पट आणि रोज वेगवेगळ्या दिशेने होणाऱ्या चुकीच्या प्रमाणाची ०.७ पट, या दोहोंची बेरीज. या सूत्रातील दोन गुणकांमधील अंतर बोलके आहे. आज डावीकडे, उद्या उजवीकडे अशी होणारी चूक पस्तीस दिवसांत बरीचशी फिटून जाते; पहिल्या दिवशी झालेली आणि तशीच पुढे चालत राहिलेली चूक मात्र कधीच फिटत नाही. मात्रेच्या दैनंदिन निरीक्षणाचे समर्थन करावयाचे झाल्यास या एका गोष्टीवर सर्वाधिक भर द्यावा लागेल.

कडे रुंद ठेवले की त्यात निरोगी अवयवांचा बळी जातो. अरुंद ठेवावयाचे तर रोज पाहिले पाहिजे. १९९० नंतरच्या काळात किरणांची तीव्रता भागाभागाने बदलून मात्रेला गाठीच्या आकाराचे वळण देण्याचे तंत्र आले, आणि गाठीच्या सीमेबाहेर काही मिलिमीटरांतच मात्रा झपाट्याने उतरू लागली, तेव्हा ही निकड तीव्र झाली. १९९७ साली अमेरिकेतील विल्यम बोमाँट रुग्णालयातील दि यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, उपचार चालू असताना मिळणाऱ्या प्रतिमांवरून प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा बदल मोजावा आणि योजना त्याप्रमाणे फिरवावी. त्याच संस्थेत डेव्हिड जॅफ्रे यांनी उपचारयंत्रालाच काटकोनात एक क्ष-किरणनळी आणि समोर एक सपाट शोधकपट्ट बसवून, यंत्राच्या एका सावकाश फेरीत संपूर्ण त्रिमितीय चित्र घेण्याची युक्ती सिद्ध केली. हीच कोन-बीम सीटी. विस्कॉन्सिनमध्ये रॉक मॅकी यांनी निराळी वाट धरली: उपचाराचा किरणच सर्पिल गतीने फिरवावयाचा आणि त्याच्याच कमी मात्रेने प्रतिमाही काढावयाची, त्यांच्या टोमोथेरपी यंत्रावर पहिला रुग्ण २००२ साली घेतला गेला. या यंत्राची प्रतिमा काहीशी धूसर असते, परंतु तिचे अंक स्थिर असतात आणि दाताच्या धातूने ती फारशी बिघडत नाही, म्हणून मात्रेच्या गणिताला ती सुरुवातीपासूनच सोयीची ठरली.

कोन-बीम सीटीचे तसे नाही. नेहमीच्या सीटीत पातळ पंख्यासारखा झोत असतो. येथे रुंद शंकूसारखा झोत एकदम सगळ्या भागावर पडतो, आणि शरीरातून विखुरलेले किरण शोधकपट्टावर सर्वत्र येऊन मिसळतात. त्यामुळे ओटीपोटाच्या मधोमध असलेला स्नायू कडेच्या स्नायूपेक्षा काळा दिसतो, वायूच्या फुग्याभोवती पट्टे उमटतात, स्थूल माणसाचे शरीर चौकटीबाहेर जाऊन कडेला तुटते. डोळ्याला अवयव ओळखता येतात, टेबल सरकवता येते. पण अंकांवर विसंबून मात्रा काढू गेल्यास गणित चुकते. यावर निघालेले उपाय चार प्रकारचे आहेत. यंत्राची स्वतंत्र अंकतालिका तयार करणे हा सर्वांत साधा. शरीराचे हवा, मृदू ऊती आणि हाड असे ठोकळ वर्ग पाडून प्रत्येकाला ठरीव घनता देणे हा त्याहून ढोबळ, पण आश्चर्य वाटावे इतका टिकाऊ. मूळ सीटीच त्या दिवसाच्या आकृतीप्रमाणे ताणून-आवळून बसवणे हा तिसरा. आणि हजारो प्रतिमांवर शिकवलेल्या संगणकाकडून धूसर चित्रापासून स्वच्छ सीटी घडवून घेणे हा चौथा आणि हल्लीचा. काळजीपूर्वक केल्यास यांतील कोणत्याही मार्गाने आलेली मात्रा मूळ सीटीवरील गणिताशी बहुधा १ ते ३ टक्क्यांच्या आत जुळते. पहिला प्रश्न बव्हंशी सुटला असे वर म्हटले, ते या आधारावर. चौथ्या मार्गाविषयी एक इशारा देणे मात्र कर्तव्य आहे: शिकलेला संगणक जेथे काही दिसत नाही तेथेही काहीतरी दिसण्याजोगे रचून देतो, आणि त्याने रचलेला वायूचा फुगा किंवा हाडाची कड खरी की काल्पनिक हे त्या सुबक चित्राकडे पाहून कळत नाही. अशा चित्रावरून काढलेल्या मात्रेची अधूनमधून साध्या पद्धतीने फेरतपासणी करण्याचा शिरस्ता प्रत्येक केंद्राने ठेवलाच पाहिजे.

खरी कठीण पायरी याच्या पुढची आहे. सोमवारी लाळग्रंथीला किती मिळाले आणि मंगळवारी किती, हे निराळे निराळे कळले तरी त्यांची बेरीज करण्यासाठी सोमवारचा बिंदू मंगळवारी कोठे गेला हे ठाऊक असावे लागते. संगणकीय लवचीक जुळणी हे काम करते; ती दोन्ही चित्रांतील छटा जुळवून प्रत्येक बिंदूचा प्रवास ठरवते. मूत्राशयाच्या एकसारख्या करड्या अंतर्भागात किंवा आतड्याच्या वळशांत, जेथे ओळखीची खूण नाही, तेथे हा प्रवास अंदाजाचा असतो. जी गाठ निम्मी विरघळून गेली तिच्यातील नाहीशा झालेल्या पेशींच्या मात्रेची बेरीज कोणत्या बिंदूच्या खाती मांडावयाची, हा तर गणिताइतकाच तत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकी संघाने २०१७ साली अशा जुळणीच्या पडताळणीसंबंधी सविस्तर अहवाल काढला, आणि त्याचे सार असे की, जुळणी सुंदर दिसली म्हणजे ती खरी आहे असे नव्हे. यास्तव बेरजेच्या दुसऱ्या दशांशापर्यंत लिहिलेल्या आकड्यांपेक्षा, एखाद्या अवयवाची मात्रा दिवसेंदिवस एकाच दिशेने वाढत आहे काय, एवढेच पाहणारा साधा आलेख अधिक विश्वसनीय समजावा, असे मी म्हणेन.

आतापर्यंत शरीराच्या प्रतिमेवरून मात्रा काढण्याची गोष्ट झाली. दुसरे एक घराणे आहे, ते शरीरातून पलीकडे निघालेला उपचारकिरणच मोजते. यंत्राच्या समोर असलेला शोधकपट्ट मुळात स्थान तपासण्यासाठी बसवलेला. परंतु त्यावर पडलेल्या किरणांचे प्रमाण मागे नेऊन शरीरात किती मात्रा जमा झाली हे काढता येते. नेदरलँड्सच्या कर्करोग संस्थेने, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या ॲन्टोनी व्हान लेवेनहुक रुग्णालयाने, हे काम नित्याच्या व्यवहारात आणले आणि आपला अनुभव २०१० साली प्रसिद्ध केला. जानेवारी २००५ ते ऑगस्ट २००९ या मुदतीत ४३३७ रुग्णांच्या योजना अशा तपासल्या गेल्या. १७ ठिकाणी हस्तक्षेप करावा लागेल एवढ्या गंभीर चुका सापडल्या, आणि त्यांपैकी ९ चुका उपचारापूर्वीच्या तपासणीत सापडणे शक्यच नव्हते, कारण त्या उपचाराच्या वेळीच, रुग्ण टेबलावर असताना, उद्भवलेल्या होत्या. चार हजारांत सतरा हे प्रमाण कोणी अल्प म्हणेल. परंतु त्या सतरांतील प्रत्येक जण ज्या संकटातून वाचला ते ध्यानात घेतले, तर या पद्धतीस आलेला खर्च आणि श्रम सार्थ झाले याविषयी मला संशय वाटत नाही.

हे संकट काल्पनिक नव्हे. फ्रान्सच्या पूर्वेकडील एपिनाल येथील रुग्णालयात २००४ आणि २००५ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या दोन डझनांच्या आसपास रुग्णांना, योजना-संगणक हाताळण्यातील चुकीमुळे, सुमारे २० टक्के जादा मात्रा गेली. काही दगावले, पुष्कळांना मलाशयाच्या आणि मूत्राशयाच्या असह्य जखमा झाल्या. चौकशी खोल गेली तेव्हा दुसरी, संख्येने कितीतरी मोठी गोष्ट उजेडात आली: २००१ ते २००६ या काळात सुमारे ४०० रुग्णांच्या स्थाननिश्चितीसाठी रोज उपचारकिरणानेच प्रतिमा घेतल्या गेल्या, आणि त्या प्रतिमांची मात्रा एकूण हिशेबात कोणी धरलीच नाही, त्यामुळे त्यांना सुमारे ८ ते १० टक्के जादा मात्रा मिळाली. रुग्णाची काळजी अधिक घ्यावी म्हणून काढलेली प्रतिमा हीच त्याच्या इजेचे कारण झाली. या घटनेनंतर फ्रान्सने उपचाराच्या वेळी मात्रा प्रत्यक्ष मोजण्याची सक्ती केली. प्रतिमा घेणे आणि मात्रेवर लक्ष ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, पहिली केल्याने दुसरी आपोआप होत नाही, हे एपिनालइतके स्पष्टपणे अन्य कोणत्याही घटनेने दाखवलेले नाही.

सध्याच्या कोन-बीम सीटीला उपचारकिरण लागत नाही, त्यामुळे तिची मात्रा पुष्कळ कमी असते. ओटीपोटाच्या एका प्रतिमेस २० मिलिग्रे धरले तर ३५ दिवसांचे ०.७ ग्रे होतात, म्हणजे ७० ग्रेच्या तुलनेत एक टक्का. अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकी संघाच्या २०१८ च्या अहवालानुसार प्रतिमांची एकूण मात्रा गाठीच्या मात्रेच्या ५ टक्क्यांपलीकडे जाण्याचा संभव असेल तर ती योजनेतच समाविष्ट करावी. प्रौढांत ही मर्यादा क्वचितच ओलांडली जाते; परंतु बालकांत, ज्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य आहे आणि ज्यांच्या शरीराचा मोठा भाग चौकटीत येतो, प्रत्येक प्रतिमा आवश्यक आहे काय हा प्रश्न निराळा विचारला पाहिजे.

मस्तक आणि मान यांच्या कर्करोगाकडे वळू. आपल्याकडे तंबाखू आणि गुटखा यांच्यापायी मुखाचे कर्करोग इतके आहेत की, महाराष्ट्रातील कोणत्याही किरणोपचार केंद्राचा मोठा भार हेच रुग्ण असतात, आणि शरीराचा बदल सर्वांत ठळक दिसतो तोही यांच्यातच. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, उपचारयंत्राच्या खोलीतच रुळांवर बसवलेल्या सीटीने १४ रुग्णांच्या आठवड्यातून तीनदा प्रतिमा घेतल्या: गाठीचे आकारमान उपचाराच्या दर दिवसाला मध्यक १.८ टक्के घटत होते, कानाखालच्या लाळग्रंथी दिवसाला ०.६ टक्के आक्रसत होत्या आणि शेवटी सुमारे ३ मिलिमीटर आत, म्हणजे नेमक्या जास्त मात्रेच्या प्रदेशाकडे, सरकत होत्या. आणि हे सरकणे वजनाच्या घटीशी निगडित होते. ज्याला तोंड आल्यामुळे घास गिळवत नाही, ज्याचे घर शेकडो मैलांवर आणि मुक्काम मुंबईच्या एखाद्या धर्मशाळेत, त्याचे वजन कसे उतरते हे परळच्या टाटा रुग्णालयाच्या परिसरात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी चेहऱ्यावर घट्ट बसणारा प्लास्टिकचा साचा पाचव्या आठवड्यात सैल होतो, डोके आत थोडेसे फिरते, आणि मेरुरज्जूपासून दूर राखलेली मात्रा त्याच्याकडे झुकते.

एवढे पाहिल्यावर साहजिकच वाटते की, दर आठवड्यास नवी योजना करावी आणि लाळग्रंथी वाचवाव्यात. फ्रान्समधील एका गटाने आधीच्या लहान पाहणीत निम्म्याहून अधिक लाळग्रंथींना योजनेपेक्षा जास्त मात्रा मिळते असे दाखवले होते; त्याच धाग्यावर आर्टिक्स नावाची यदृच्छ चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२३ साली आला. घशाच्या कर्करोगाच्या १३२ रुग्णांपैकी एका गटाची योजना दर आठवड्यास नव्याने केली, दुसऱ्याची नाही. वर्षानंतर लाळेच्या स्रावात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष पुष्कळांना निराशाजनक वाटला. माझ्या मते तो या विषयातील सर्वांत उपयुक्त निष्कर्षांपैकी एक आहे. त्याने मात्रेच्या निरीक्षणाचे मूल्य कमी झाले नाही. सरसकट सर्वांची योजना बदलण्याचे मूल्य कमी झाले. बहुतेक रुग्णांत तफावत इतकी लहान असते की ती दुरुस्त केल्याने जिभेला काही कळत नाही. थोड्यांत ती मोठी असते, आणि ते थोडे कोण, हे निरीक्षणावाचून कळावयाचे नाही. सर्वांवर नजर ठेवावी आणि मोजक्यांत फेरफार करावा, असा जो मार्ग यातून निघतो, त्यासाठी आज सर्वांत मोठी उणीव आहे ती कोणत्या आकड्यापाशी थांबून वैद्याला हाक मारावी याच्या सर्वमान्य मर्यादांची. मेरुरज्जूची मात्रा ठरलेल्या मर्यादेजवळ येऊ लागली, गाठीच्या क्षेत्राला मिळणारी ९५ टक्के मात्रा सलग तीन दिवस कमी पडली, लाळग्रंथीची सरासरी योजनेपेक्षा अमुक ग्रे वर गेली, अशी सूत्रे प्रत्येक केंद्र आपापल्या समजुतीने लिहिते. त्यांचा रुग्णाच्या अंतिम परिणामाशी ताळा घालून पाहण्याचे काम फारच थोडे झाले आहे.

ओटीपोटाची कथा वेगळी आहे, कारण तेथे बदल हळूहळू होणारा नसून रोजचा आहे. २००५ साली ह्यूस्टनहूनच असे प्रसिद्ध झाले की, योजनेच्या सीटीच्या दिवशी ज्यांचे मलाशय फुगलेले होते त्यांच्यात प्रोस्टेटचा रोग परतण्याचे प्रमाण अधिक होते: त्या एका दिवशी ग्रंथी पुढे ढकललेली होती, नंतरच्या दिवसांत ती मागे गेली, आणि मात्रा रोज तिच्या पुढे पडत राहिली. व्हान हेर्क यांच्या सूत्रातील अडीचपटीची चूक ती हीच. यावर रॉटरडॅमच्या वैद्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी, सुज्ञ आणि स्वस्त असा तोडगा अवलंबला: मूत्राशयाच्या निरनिराळ्या भरतीसाठी अनेक योजना आधीच तयार ठेवावयाच्या आणि सकाळची प्रतिमा पाहून त्या दिवशी जुळणारी निवडावयाची. टाटा केंद्राच्याच, २०११ ते २०१९ या काळातील ३०० स्त्रियांच्या यदृच्छ चाचणीत, शस्त्रक्रियेनंतरच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात प्रतिमानिर्देशित तीव्रतानियंत्रित उपचार घेतलेल्यांना तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास २१.१ टक्के, आणि जुन्या पद्धतीने घेतलेल्यांना ४२.४ टक्के आढळला. यातील श्रेय किरणांच्या नव्या वळणाला किती आणि रोजच्या प्रतिमेला किती हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. परंतु दोहोंची सांगड घातल्यास निम्मा त्रास टळतो, हे टाटा केंद्राच्या खारघर आणि परळ येथील आवारांत सिद्ध झाले, याचा मराठी वाचकाने अभिमान बाळगावा.

प्रतिमेची वारंवारता वाढवली की हित वाढतेच असेही समजू नये. प्रोस्टेटच्या ४७० रुग्णांत दैनिक आणि साप्ताहिक प्रतिमांची तुलना करणाऱ्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दैनिक गटात मलाशयाचा त्रास आणि रक्तचाचणीवरून दिसणारे रोगाचे पुनरागमन कमी होते, पण एकंदर जगण्याचे प्रमाणही कमी आढळले. या शेवटच्या गोष्टीचा उलगडा झालेला नाही आणि ती योगायोगाने घडली असणे शक्य आहे, तथापि ती नोंदवल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उलट, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील, २०२३ च्या मिराज चाचणीत १५६ रुग्णांपैकी एका गटावर चुंबकीय अनुनादाच्या प्रतिमेने सतत नजर ठेवून सुरक्षिततेचे कडे ४ ऐवजी २ मिलिमीटर केले, तेव्हा मूत्रमार्गाचा तात्कालिक त्रास ४३.४ वरून २४.४ टक्क्यांवर उतरला. येथे लाभ झाला तो चित्राच्या सुबकपणाने नव्हे, त्या चित्राच्या बळावर कडे अरुंद करण्याचे धैर्य आले म्हणून.

अशी चुंबकीय यंत्रे, उत्रेख्तमध्ये २०१७ पासून रुग्णांसाठी वापरात आलेले दीड टेस्लाचे यंत्र त्यांतले एक, मृदू ऊतींचे असे चित्र देतात की कोन-बीम सीटीशी त्याची तुलना होऊ नये. मात्र त्या चित्रात घनतेचा अंक नसतो, तो अन्यत्रून आणावा लागतो, आणि किंमत अशी की आपल्या बहुसंख्य केंद्रांनी त्यांची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. प्रोटॉनच्या उपचारात, जो खारघरलाही आता सुरू झाला आहे, निरीक्षण ऐच्छिक राहतच नाही: प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, आणि वाटेतील ऊती पाच मिलिमीटर कमी झाल्या तर तो तेवढा पुढे जाऊन थांबतो.

आपल्या देशात अजून पुष्कळ रुग्ण कोबाल्टच्या यंत्रांवर उपचार घेतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन हे त्यांतील स्वदेशी यंत्र. त्यांपैकी बहुतेकांवर रोजची त्रिमितीय प्रतिमा नाही. म्हणून तेथे निरीक्षण नसावे असे मात्र नव्हे. दर आठवड्याचे वजन, साच्याच्या सैलपणाची लेखी नोंद, त्वचेवर ठेवलेल्या लहान मापकाने पहिल्या हप्त्याची मोजणी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ज्यांचे वजन फार उतरले त्यांची पुन्हा सीटी, एवढी तजवीज कोणत्याही जिल्ह्याच्या केंद्रास करता येईल. ज्यांच्यापाशी कोन-बीम सीटी आणि शोधकपट्ट दोन्ही आहेत, त्यांनी तर दप्तरात पडून राहिलेल्या प्रतिमांपासून आजच प्रारंभ करावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, भौतिकीतज्ज्ञाचा वेळ लागतो, आणि तोच आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ आहे.

या वेळेचा प्रश्न पुढे अधिकच बिकट होणार आहे, कारण हप्त्यांची संख्या घटत चालली आहे. स्तनाच्या कर्करोगात एका आठवड्यात ५ हप्त्यांत २६ ग्रे देण्याची पद्धत ब्रिटनमधील २०२० च्या चाचणीने पुरस्कारली, प्रोस्टेटला ५ हप्ते पुरतात असे अनेक ठिकाणी मानले जाऊ लागले आहे, आणि दूरगावाहून येणाऱ्या रुग्णासाठी हे वरदानच आहे. परंतु पस्तीसांतील एक दिवस चुकला तर जवळपास ३ टक्के मात्रेचा प्रश्न असतो, पाचांतील एक चुकला तर २० टक्क्यांचा. आठवड्याअखेर आलेख पाहून पुढच्या आठवड्यात दुरुस्ती करण्यास अवकाशच उरत नाही. तेथे रुग्ण टेबलावर पडलेला असतानाच प्रतिमा वाचणे, सीमा पुन्हा आखणे, मात्रा काढणे आणि ती मान्य करणे हे सर्व वीस-तीस मिनिटांत उरकावे लागते, आणि त्या वेळी आखणी जाणणारा वैद्य व भौतिकीतज्ज्ञ यंत्रापाशी हजर असावे लागतात. युरोपातील काही केंद्रांनी यासाठी तंत्रज्ञांनाच आखणीचे आणि निवडीचे प्रशिक्षण देऊन, ठरावीक मर्यादेत निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे सोपवला आहे. आपल्याकडील तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात हा भाग कोणत्या वर्षी आणि कोणाच्या देखरेखीखाली यावा, हे अणुऊर्जा नियामक मंडळ आणि वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांनी पाच हप्त्यांची पद्धत सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच ठरवावयास हवे.